सगळ्यात वरचा खिळा

पाण्याची रेघ सगळ्यात वरच्या खिळ्याच्याही दोन बोटं वर होती. स्टुलावर चढलेल्या धाकटीने डाव्या हाताची बोटं आडवी धरून पाहिली, मग विश्वास बसेना म्हणून उजव्या हाताची धरली. दोनच. रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ होती. तिच्याखाली गाळाचा तपकिरी रंग, वर चुन्याचा पांढरा. आणि तो पांढरा उरला होता जेमतेम वीतभर. त्याच्यावर छत.

"मोजून झालं असेल तर उतर," खालून आई म्हणाली. "मला खिळे ठोकायचेत."

आईच्या हातात हातोडी होती. वय ऐंशीच्या घरात, गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला, पण हातोडी धरायची ढब अशी, की समोरच्याने वाद घालायच्या आधी दोनदा विचार करावा.

"अजून गाळ उपसायचाय, आई."

"गाळ कुठे पळून जातोय?"

धाकटी उतरली. पन्नाशी ओलांडली होती तरी घरात आणि गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणत. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत ती पाणी तपासायची. नदीचं पाणी बाटलीत भरून समोर आलं की त्यात काय आहे आणि किती आहे ते ती सांगायची, आणि तिच्या शब्दावर अख्ख्या शहराचे नळ उघडायचे किंवा बंद व्हायचे. तेच पाणी घरात शिरलं की मात्र तिचं कुणी ऐकत नसे.

घरात ऐकलं जायचं ते बाबांचं, आणि बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते तसबिरी बनवायचे. नाक्यावर त्यांचं छोटं दुकान होतं. पहिल्यांदा पूर आला तेव्हा घरातले सगळे फोटो बैठकीच्या खोलीत डोळ्यांच्या उंचीवर टांगलेले होते. पाणी गुडघाभर आलं, गेलं. तसबिरींना धक्का लागला नाही. तरी बाबांनी गाळ उपसायच्या आधी सगळे खिळे काढले आणि हातभर वर ठोकले. "ती चढते, तर आपणही चढायचं," असं नदीकडे बघत ते म्हणाले होते म्हणे. तेव्हापासून घराचा तो रिवाजच पडला. पूर ओसरला की झाडू नाही, चूल नाही, आधी खिळे. जुनी भोकं चुन्याने बुजवायची, नवी पाडायची. भिंतीवर बुजवलेल्या भोकांच्या ओळी एकीवर एक चढत गेल्या होत्या आणि तसबिरी छताला टेकायच्या बेताला आल्या होत्या. "आपल्या घरच्यांना भेटायचं तर आधी मानेचा डॉक्टर गाठावा लागतो," असं थोरला, म्हणजे धाकटीचा भाऊ, येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

या खेपेला पाणी वाढायला लागलं तेव्हा धाकटीने तीन तसबिरी उतरवून पिशवीत घातल्या होत्या. आईने त्या पिशवीतून काढून पुन्हा जागेवर लावल्या. "तिथवर ती येत नाही," आई म्हणाली, "आणि आपण उतरवल्या की तिला कळतं, आपण घाबरलो." होडीवाले बाहेर ओरडत होते. वाद घालायला वेळ नव्हता. दोघी पिशवीत नुसते कपडे आणि औषधं घेऊन उंचावरच्या शाळेत जाऊन राहिल्या.

आज सकाळी परत आल्या तर तसबिरी होत्या तिथेच होत्या. एकही पडली नव्हती. बाबांच्या खिळ्यांनी इमान राखलं होतं. फक्त काचांच्या आत गढूळ पाणी शिरलं होतं, आणि माणसं त्या पाण्याआडून बाहेर बघत होती.

"आई, ऐक," धाकटी म्हणाली. "आधी या सगळ्या खाली घ्यायच्या. वाळायच्या आत."

"वाळायच्या आत? वाळवायला नको का?"

"नको. बाबा फोटो काचेला भिडवून बसवायचे. मध्ये जागाच सोडायचे नाहीत."

"धूळ जाऊ नये म्हणून," आई अभिमानाने म्हणाली. "त्यांच्या फ्रेममध्ये मुंगीसुद्धा शिरली नाही कधी."

"मुंगी नाही शिरली, पाणी शिरलं. फोटोचा वरचा थर भिजला की सायीसारखा होतो. तो तसाच वाळला तर काचेला कायमचा चिकटतो. मग काच काढायला जाशील तर चेहरा काचेबरोबर येईल."

आईची नजर कोपऱ्यातल्या एका तसबिरीवर गेली, आणि धाकटीला कळलं की मुद्दा पोचला.

त्या तसबिरीत आजी होती. म्हणजे आजीचे खांदे होते, मांडीवर ठेवलेले हात होते, मागे खिडकी होती, आणि चेहऱ्याच्या जागी एक पांढरा डाग. मागच्या एका पुरानंतर आईने तिचा फोटो बाहेर काढून ओल्या फडक्याने गाळ पुसला होता. गाळाबरोबर आजीही पुसली गेली. ती तसबीर आईने फेकू दिली नाही. पुसलेली आजी बाकीच्यांबरोबर वर टांगली गेली, आणि आई रोज सकाळी तिच्याकडेही तितक्याच अगत्याने बघायची.

"टब आण," आई म्हणाली.

नळ बंद होते. टँकर नाक्यावर उभा होता. कपडे धुवायचा मोठा टब बादल्या ओतून अर्धा भरेपर्यंत धाकटीचे खांदे भरून आले. रांगेतल्या एका बाईने विचारलं, "एवढं पाणी कुणाच्या आंघोळीला गं?" धाकटी म्हणाली, "आमच्या आत्याच्या." आत्या वारून किती वर्षं झाली हे त्या बाईला माहीत होतं. तिने भुवया उंचावल्या आणि बादली पुढे सरकवली.

टब दारात ठेवला, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटी चिखलातच मांडी घालून बसली. एकेक तसबीर पालथी घेतली, मागचा कागद ब्लेडने कापला, पुठ्ठा उचलला. बाबांनी लावलेले बारीक खिळे पकडीने काढताना तिला त्यांचा थोडा रागच येत होता. माणूस किती घट्ट बसवतो एखादी गोष्ट! मग काच आणि फोटो एकत्रच टबात सोडायचे, हात लावायचा नाही, फक्त टबाची कड धरून पाणी हलकं हलवायचं. पाणी मध्ये शिरलं की फोटो आपोआप सुटतो. सुटला की दोन्ही हातांनी खालून उचलायचा, आईने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून धरलाय त्यावर चेहरा वर करून ठेवायचा.

"पुसू नकोस हं."

"कितीदा सांगशील? बहिरी नाहीये मी."

आत्या सुटली. थोरल्याचा शाळेतला फोटो सुटला, कान पूर्वी होते तितकेच मोठे. धाकटीच्या पदवीचा सुटला.

तेवढ्यात थोरला आला. तो निवृत्त बसड्रायव्हर होता आणि वरच्या टेकडीवर राहायचा, जिथे पाऊस पडतो पण पाणी साचत नाही. त्याच्यामागे पालिकेचा कचऱ्याचा ट्रक रस्त्यात उभा राहिला आणि ट्रकमधून मुकादम उतरला.

"आई, बाजूला हो," थोरला म्हणाला. "ट्रक आजच आहे या गल्लीत. गाद्या, कपाट, सगळं भरून टाकू. हे काय चाललंय?"

"अंघोळी," आई म्हणाली.

"अगं, लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही फोटो बुडवताय? आधीच बुडालेले?" तो धाकटीकडे वळला. "तू तरी शिकलेली आहेस ना?"

"म्हणूनच बुडवतेय."

मुकादम वाकून टबात बघत होता. "ताई, ओलं ते सगळं उचलायचं असा हुकूम आहे. रोगराई पसरते. लाकूड, कागद, पुठ्ठा, काय असेल ते."

"रोगराई कशाने पसरते ते मी बघते," धाकटी म्हणाली. ती आवाज चढवत नसे. प्रयोगशाळेत चढवावा लागत नाही. "गाद्या न्या. कपाट न्या. पुठ्ठे आणि लाकडी चौकटी न्या. फोटो नाही."

"साहेबांनी विचारलं तर?"

"सांगा, टब जड होता."

मुकादम हसला. पण त्याच्या माणसाने तोवर आत जाऊन कोपऱ्यातली तसबीर काढली होती, बहुधा तिच्यात चेहराच नाही हे बघून. तो ती ट्रककडे घेऊन निघाला.

"ए!" आई इतक्या जोरात ओरडली की समोरच्या दारातले लोक बाहेर आले. "ठेव तिला खाली!"

"आजी, याच्यात काहीच नाहीये."

"तुला दिसत नाही म्हणून नाहीये होय? सासू आहे ती माझी. मी तिला पुसली, मी तिला फेकणार नाही. तुझ्या ट्रकात बसायला ती काही जुनी गादी नव्हे!"

त्या माणसाने गोंधळून मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने त्याला डोळ्यांनीच दटावलं, आणि पुसलेली आजी परत दारात आली. थोरल्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"आई, हे किती दिवस करणार आहेस? मी दर वेळी येतो, दर वेळी गाळ उपसतो, तू दर वेळी म्हणतेस पाणी ओसरू दे मग बघू. टेकडीवर एक खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय. नातवंडं तिच्यात सायकली ठेवतात. शेवटचा थांबा आला, आई. उतर आता."

"तू बस चालव," आई म्हणाली. "मला कुठे उतरायचं ते मला कळतं."

"मग खिळे कुठे ठोकणार? छताला? झोपून बघायचे का सगळ्यांना?"

आईने भिंतीकडे पाहिलं नाही. ती मच्छरदाणीवरचा आत्याचा फोटो सरळ करत राहिली, सरळच असलेला.

धाकटीने शेवटची तसबीर घेतली. ती तिने मुद्दाम मागे ठेवली होती, हात बसावा म्हणून. तिच्यात बाबा होते, एकटे, दुकानाच्या दारात स्टुलावर बसलेले, मांडीवर रिकामी चौकट. जगभराचे फोटो त्यांनी भिंतीला लावले, पण स्वतःचा काढू देत नसत. हा एकच. नकला काढून ठेवू, एकाच्या तीन करू, असं धाकटी गेली कित्येक वर्षं म्हणत होती. "नक्कल करून ठेवायची म्हणजे अस्सल जाणार हे आधीच कबूल करायचं," असं म्हणून आईने ते दर वेळी उडवून लावलं होतं.

या तसबिरीची बांधणी सगळ्यात घट्ट होती. काचेच्या एका कोपऱ्यात पाणी नव्हतं. तिथे फोटो वाळायला लागला होता. धाकटीला तो चकचकीत ठिपका दिसला आणि तिने काच तिरपी करून पाहिली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"खालचा कोपरा धरलाय काचेने."

"मग?"

"मग वाट बघायची."

काच आणि बाबा टबात गेले. धाकटीने टबाची कड धरली आणि पाणी हलवत राहिली. ट्रकमध्ये कपाट चढवल्याचा आवाज आला. थोरला दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि नकळत तोही वाकला. बाबांचा खांदा सुटला. रिकामी चौकट सुटली. खालचा कोपरा मात्र हलेना.

"बोटाने जरा सोडव ना," थोरला कुजबुजला.

"हात लावशील तर याद राख," आई म्हणाली.

धाकटीने लावला नाही. तिला माहीत होतं की हा थर घाई सहन करत नाही. त्याला ओढलं तर तो फाटतो, आणि सोडून दिलं तर कधीकधी येतो. कधीकधी येत नाही. ती पाणी हलवत राहिली. मांड्यांना रग लागली. मग फोटो एकदम काचेवरून घसरला आणि पाण्यात मोकळा तरंगला.

तिने तो खालून उचलला. बाबा पूर्ण होते: कपाळ, मिशा, हात, चौकट. काचेवर तेवढा एक बारीक करडा पट्टा राहून गेला होता.

"काय राहिलं?" आईचा आवाज अगदी बारीक झाला होता.

धाकटीने काच उजेडाकडे धरली. "स्टुलाचा एक पाय."

मग थोरला म्हणाला, "म्हणजे बाबा आता तीन पायांच्या स्टुलावर बसलेत."

"बसतील," आई म्हणाली. "त्यांना तोल सांभाळता येतो." आणि तिने तोंड फिरवून डोळे कोपराने पुसले, कारण हात दोन्ही चिखलाचे होते.

आता प्रश्न होता अल्बमांचा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ते होते आणि पेटीतून अजून पाणी ठिबकत होतं. इतकी पानं आज सुटी करून होणार नव्हती, आणि उद्यापर्यंत त्यांच्यावर बुरशी धरली असती.

"गोठवायचे," धाकटी म्हणाली. "थंडीत बुरशी वाढत नाही. मग सवडीने एकेक काढून सोडवता येतील, महिन्यांनीसुद्धा."

"गोठवायचे कुठे? गल्लीत कुणाकडे वीज नाही."

"गारठ्याकडे आहे."

गारठा म्हणजे चढावरचा आईस्क्रीमवाला, थोरल्याचा शाळासोबती. त्याच्या दुकानात पाणी पोचलं नव्हतं आणि जनरेटर चालू होता. थोरल्याने आधी नकाराला मान हलवली, मग पेटीकडे पाहिलं, मग फोन काढला. पलीकडून गारठ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला: "किती अल्बम? तुझ्या लग्नाचा आहे का त्यात? तो राहू दे बाहेर, वितळला तर बरंच!"

"मित्र असून असं बोलतोस?"

"मी होतो ना त्या लग्नात. आण, आण. पिस्त्याचा डबा बाहेर काढतो. कुणी खात नाही तसाही."

धाकटीने प्रत्येक अल्बम स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वेगळा वेगळा. थोरल्याने पेटी खांद्यावर घेतली. गाळातून चालताना तो इतका जपून पाय टाकत होता, की पेटीत जिवंत माणूस बसलाय असं वाटावं. पेटी गाडीत ठेवून तो हात झटकत परत आला तेव्हा ट्रक निघून गेला होता आणि घर विचित्र मोकळं दिसत होतं. चार भिंती, एक स्टूल, भिंतीवरची रेघ.

आई हातोडी घेऊन त्या रेघेसमोर उभी होती.

धाकटी तिच्या शेजारी जाऊन थांबली. इतकी वर्षं तिने नदीच्या पातळ्या वाचल्या होत्या. प्रत्येक पूर आधीच्यापेक्षा वर येतोय हे तिला दर वेळी खिळे वर चढायच्या आधीच माहीत असे. ते तिने आईला इतक्या सरळ शब्दांत कधी सांगितलं नव्हतं.

"आई, पुढच्या ओळीला भिंत नाहीये."

"दिसतंय मला."

"मी तुला घाबरवत नाहीये."

"तू कोण मला घाबरवणार?" आई म्हणाली. "स्टूल धर."

"आई—"

"धर म्हणते ना."

धाकटीने स्टूल धरलं. थोरला धावत आला आणि त्याने आईला दोन्ही बाजूंनी आधार दिला. आई वर चढली, हातोडी उलटी फिरवली, तिचं चिरलेलं टोक पहिल्या खिळ्याच्या मानेत अडकवलं आणि जोर लावला. खिळा कुरकुरला आणि सुटला. तिने तो खाली धाकटीच्या तळहातावर टाकला. मग दुसरा. मग तिसरा. चुन्याचे पोपडे तिच्या केसांवर पडत होते. शेवटचा खिळा निघेना तेव्हा तिने त्याला दोन शिव्या हासडल्या, ज्या तिच्या मुलांनी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या, आणि तोही आला.

ती उतरली. भिंतीवर आता काहीच नव्हतं. नुसती भोकं, आणि रेघ.

"हवी होती ना तुला भिंत?" आई उघड्या दारातून खाली नदीकडे बघत म्हणाली. "घे. भिंत तुझी. माणसं मी घेतली."

मग ती धाकटीकडे वळली. "आणि त्या नकला काय काढायच्या म्हणत होतीस, त्या काढ. एक त्या गारठ्याकडे ठेव, एक तुझ्या प्रयोगशाळेत, एक याच्याकडे. बघू किती ठिकाणी चढते ती."

आईने धाकटीच्या हातातले खिळे घेतले, फुंकून त्यांच्यावरचा चुना उडवला आणि एकेक नीट बघत थोरल्याला विचारलं, "तुझ्या त्या खोलीची भिंत विटेची आहे ना रे? की बोट टेकलं की पोकळ वाजते?"

"विटेची आहे."

"खिळा धरेल?"

"धरेल की."

"सायकली बाहेर काढा मग. आणि खिळे मी सांगेन तिथे ठोकायचे, डोळ्यांच्या उंचीवर. माझ्या माणसांकडे बघायला यापुढे कुणी मान वर करायची नाही." तिने खिळे मुठीत घट्ट धरले. "आम्ही दोघी येतोय टेकडीवर राहायला."